हिरवा दिवा म्हणजे सर्व ठीक

डोंगरावरच्या कॉलेजात आठ मशिनं थंड ठेवायला दोन एसी दिवसरात्र घरघरत राहतात आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी गावात आठ-आठ तास पंखा फिरत नाही, हे तुम्हाला पटतं का?

मला पटलं नव्हतं. म्हणूनच त्या शुक्रवारी दुपारी मी लवळ्याच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभा होतो आणि आत दोनशे चाळीस मुलं माझ्या नावाने ओरडत होती. सोमवारी त्यांची ऑनलाइन परीक्षा होती. त्या दिवशी रंगीत तालीम होती. पहिला प्रश्न उघडायला चार मिनिटं लागली. दुसरा उघडलाच नाही.

"हे तुझं परिवर्तन का?" फडतरे सरांनी विचारलं. सर आमच्या आयटी विभागाचे प्रमुख. ते कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं.

"सर, सुरुवातीला थोडी गैरसोय—"

"सोमवारी सकाळी दहापर्यंत चाललं नाही, तर आठही सर्व्हर परत चालू. दोन्ही एसीसकट. आणि कँटीनच्या भिंतीवर तू जे चिकटवलंयस, ते मी वाचलंय."

कँटीनच्या भिंतीवर काय होतं ते सांगायला हवं. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरंसुद्धा पत्रकांचीच असायची. त्यामुळे मनातली कुठलीही गोष्ट माझ्या हातून पत्रक होऊनच बाहेर पडते. २००९ साली नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी छापलं: "विजेची उधळपट्टी थांबवा! आठ सर्व्हर कशाला, दोन सर्व्हर पुरेसे! ही योजना फसल्यास मी त्याच दिवशी राजीनामा देईन!" खाली सही. हे कोणी मागितलं नव्हतं. पण राजीनाम्याशिवाय पत्रकाला वजन येत नाही.

योजना मात्र खरी होती. आमचे आठ सर्व्हर बहुतेक वेळ नुसतेच तापत बसायचे. व्हर्च्युअलायझेशन नावाचं तंत्र तेव्हा नवीन नवीन आलं होतं. त्यात एका दणकट मशिनीच्या पोटात चार-चार सर्व्हर राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र मशीन आहोत. म्हणजे आठ बिऱ्हाडं दोन घरांत आणायची. सहा मशिनं बंद, एक एसी बंद.

एकच अडचण. बिऱ्हाडं चार, पण घराला बाहेर जायचं दार एक. सर्व्हरचं हे दार म्हणजे नेटवर्क कार्ड. मशीनच्या मागे असतं, त्यात वायर खोचतात, सगळी ये-जा तिथून होते. म्हणून परीक्षा, लायब्ररी, हजेरी आणि फायली ज्या मशिनीत ठेवल्या होत्या, तिच्यात मी नवं, वेगवान कार्ड बसवून घेतलं. जुन्यापेक्षा दहापट वेगाचं.

तरी लॅब ठप्प होती.

मी कार्ड विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो हिंजवडीतून बोलत होता.

"सर, लोड हेवी हो गया है. ह्याच्या वरचं कार्ड येतं ना, ते लावून टाका."

"पंधरा दिवसांपूर्वी हेच पुरेल म्हणालात. आता वरचं घ्या म्हणता. हा कट आहे!"

"कट नाही सर, कार्ड."

मी फोन आपटला. पुढचे तीन तास प्रोसेसर तपासला. मोकळा होता. मेमरी तपासली. भरपूर होती. डिस्क तपासली. तिला काहीच झालं नव्हतं. कार्डाकडे मी बघितलं. त्याचा दिवा हिरवा होता. हिरवा म्हणजे ठीक. पुढे गेलो.

शनिवारी सकाळी सर्व्हर रूममध्ये जमिनीवर बसून मी दोन मसुदे लिहीत होतो. एक विक्रेत्याच्या निषेधाचा, दुसरा राजीनाम्याचा. तेवढ्यात सोपानमामा रजिस्टर घेऊन आले.

मामा आमचे अटेंडंट. खालच्या गावातलेच. कॉलेज झालं ती जमीन त्यांच्या भावकीची होती. "माझ्याच रानात मला गळ्यात पट्टा आडकवून फिराय लागतंय," असं ते ओळखपत्राबद्दल म्हणायचे. दोन एसींचा आवाज ऐकून तेच मला एकदा म्हणाले होते, "आमची पोरं घामानं भिजत्याती आन् हितं मशिनीला थंडी वाजतीया." माझ्या पत्रकाचं मूळ खरं तर ते वाक्य. त्यांना मी एक काम लावलं होतं. रोज सकाळी दिव्यांचे रंग रजिस्टरात लिहायचे. भिंतीवर माझ्या अक्षरात सूचना होती: "हिरवा दिवा म्हणजे सर्व ठीक. पिवळा दिसल्यास ताबडतोब कळवा!"

मामांनी लिहिलं, "हिरवा." मग घुटमळले.

"सायेब, एक इचारू का? रागावनार न्हाई न्हवं?"

"बोला मामा."

"ह्यो दिवा हिरवा झाल्यापास्नं समदं ढिलं पडलंय बगा."

"मामा, हिरवा म्हणजे ठीक."

"आसं तुमी लिवलंय. मशिनीनं कुटं लिवलंय?"

मी पेन खाली ठेवलं. मामा पुढे बोलतच होते.

"हजेरीचं बगा ना. नवं कार्ड बसवलं तवा दोन दिस आंगठा टेकला की टुंग वाजायचं. आता आंगठा ठिवून च्या पिऊन यावं, तवा टुंग. ते दोन दिस दिवा पिवळा व्हता. मीच तुमास्नी सांगाय आलो व्हतो. इसरला व्हय?"

विसरलो नव्हतो. उलट मला अभिमान होता. मामांनी "पिवळा हाय" म्हणून सांगितलं, तेव्हा मी धावत आलो होतो. कार्डाच्या सेटिंगमध्ये शोधता शोधता मला "ऊर्जा बचत" असा पर्याय दिसला. माझ्यासारख्या माणसाला असा पर्याय दिसला तर तो काय करेल? मी खूण केली. दिवा हिरवा झाला. बिघाड गेला आणि वर वीजही वाचली! त्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. लहान अक्षरांतला मजकूर मी नेहमीच शत्रुपक्षाचा समजत आलोय.

"मामा, ह्या कार्डाबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. बॉक्स कुठंय?"

"बॉक्स भंगारात ग्येला. कागद हाय की." त्यांनी रजिस्टर उलटं केलं. "चांगला गुळगुळीत व्हता. कव्हर घातलं."

आम्ही चिकटपट्टी सोडवली. कागद इंग्रजीत होता. तिसऱ्या घडीवर एक छोटा तक्ता होता. दिवा बंद म्हणजे सगळ्यात कमी वेग. हिरवा म्हणजे मधला. पिवळा म्हणजे पूर्ण.

"काय म्हनतंय?" मामांनी विचारलं.

"पिवळा म्हणजे ठीक."

"आन् हिरवा?"

"हिरवा म्हणजे कार्ड एक दशांश वेगाने चाललंय. वीज वाचवायला."

मामांनी भिंतीवरच्या सूचनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंजी मशीन बरं व्हतं, तवा मी तुमास्नी बलवून आनलं, आन् तुमी येऊन बिगडवलं."

यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं.

मी खूण काढली. दिवा विझला, क्षणभर काहीच नाही, मग पिवळा लागला. मामा तडक हजेरीच्या मशीनकडे गेले आणि अंगठा टेकला. टुंग. परत टेकला. टुंग. शनिवारी मामांची हजेरी अकरा वेळा लागली.

दुपारी हॉस्टेलवरची साठ मुलं बोलावून लॅबमध्ये बसवली. प्रश्न बोट उचलायच्या आत उघडत होते. सोमवारी दोनशे चाळीस मुलांनी परीक्षा दिली. दहा वाजून पाच मिनिटांनी लॅबमधून एकच तक्रार आली, ती तिसरा प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे अशी. ती आमच्या विभागाची नव्हती. सहा सर्व्हर बंदच राहिले. एक एसी काढून परीक्षा विभागाला दिला, आणि तो तिथे दिवसरात्र चालतो हे मला महिनाभराने कळलं. त्यावर वेगळं पत्रक काढलं.

हिशेब साधा आहे. सहा मशिनं आणि एक एसी बंद करून जी वीज वाचली, ती खरी बचत. त्या एका खुणेने वाचली ती देवघरातल्या छोट्या बल्बाइतकीही नसेल. बिऱ्हाडं वाढवून मी दार अरुंद केलं होतं, आणि वर त्याला तत्त्व म्हणत होतो.

सोमवारी दुपारी विक्रेत्याच्या इंजिनिअरला फोन करून माफी मागितली. "कोई बात नहीं सर," तो म्हणाला, "कट कॅन्सल ना?" मग राजीनामा घेऊन फडतरे सरांकडे गेलो. योजना फसली नव्हती हे खरं, पण ती जवळजवळ फसवणारा मीच होतो, आणि सही माझी होती.

सरांनी शेवटपर्यंत वाचलं. खिशातून पेन काढून सहा ठिकाणी गोल केले.

"राजीनाम्यात उद्गारचिन्हं चालत नाहीत. एकही न वापरता परत लिहून आण."

मी चार वेळा प्रयत्न केला. जमलं नाही. म्हणून अजून नोकरीत आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही कामाच्या जागी कोणाला तरी तुम्ही "एवढं दिसलं की कळव" असं सांगून ठेवलं असेल. वॉचमन असेल, लिफ्टवाला असेल, मीटर बघणारी बाई असेल. आज त्या माणसाकडे जा. तेच का कळवायचं ते त्याला नीट समजावून सांगा, आणि त्याला काय काय दिसतंय ते विचारा. मात्र सांगताना तुम्हालाच ते "का" सांगता आलं नाही, तर ती सूचना तिथल्या तिथे फाडून टाका!