झेंड्याची बारा पावलं

मी वैमानिक होतो असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपी, टाय आणि हवाई सुंदरी येते. माझ्या विमानात एकच खुर्ची होती, माझी, आणि तिच्या पुढच्या टाकीत कपाशीवर मारायचं औषध असायचं. तो वास अंगात इतका मुरला होता की आई माझे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर भिजवायची नाही. हे ऐकल्यावर हवाई सुंदरीबद्दल कोणी विचारत नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वडील धुळ्याच्या एसटी वर्कशॉपात मेकॅनिक होते. सरकारी शिष्यवृत्तीवर मी उडायला शिकलो आणि वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. फवारणीचं वेगळं प्रशिक्षण मात्र कंपनीने स्वतःच्या खर्चाने दिलं आणि त्या बदल्यात करार करून घेतला: पाच वर्षं नोकरी, आधी सोडली तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च परत. जामीन म्हणून वडिलांची सही. त्यांच्याजवळ प्रॉव्हिडंट फंडाखेरीज दुसरं काही नव्हतं. "पाच वर्षं काय, आमचं इंजिनसुद्धा टिकतं," असं म्हणून त्यांनी हसत सही केली होती.

काम सकाळचं. वारा पडलेला असतो तेव्हा. कपाशीवरून दोन पुरुष उंचीने जायचं, औषध सोडायचं, शेत संपलं की वर उचलायचं आणि वळून परत यायचं. पण वरून हिरव्या शेतात आपण कुठवर मारलं हे कळत नाही. म्हणून शेताच्या टोकाला एक माणूस झेंडा घेऊन उभा असायचा. आपण थेट त्याच्या अंगावर जायचं. विमान डोक्यावरून गेलं की तो बाजूला बारा पावलं चालायचा आणि पुन्हा झेंडा उभा करायचा. पुढचा पट्टा तिथून. औषध त्याच्या अंगावर पडायचंच. त्याला सगळे सरावले होते, आणि सगळ्यांत आधी मी.

वरून दिसावा म्हणून कंपनीने त्याला पांढरा सदरा आणि पांढरा फेटा दिला होता. नाकातोंडाला फडकं. म्हणजे मला चेहरा कधी दिसलाच नाही. पण मी त्याला ओळखायचो, त्याच्या बारा पावलांवरून. ढांगा लांब होत्या त्याच्या. प्रत्येक फेरीला मला विमान किती सरकवावं लागतं हे हाताला पाठ झालं होतं. धरणगावच्या आसपासच्या शेतांत दोन हंगाम मी त्या माणसाच्या पावलांवर उडालो. कधी एक शब्द बोललो नाही. तो मजूर, मी पायलटसाहेब, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं हे आता लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या हंगामात, पोळा होऊन गेल्यावर, एका सकाळी पट्टे अरुंद झाले. झेंडा होता, सदरा होता, फेटा होता, पण पावलं आखूड. औषध औषधावर पडू लागलं. उतरल्यावर मी मुकादमावर डाफरलो. हा मुकादम मजूर आणायचा आणि त्यांची हजेरी मांडायचा. संध्याकाळी त्याच्या वहीवर माझी सही लागायची. तो म्हणाला, "साहेब, तो वारला. आठ दिवस ओकत होता. दुसरा लावला आहे, शिकेल."

कशाने वारला हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं म्हणून नाही विचारलं.

नवा माणूस दहाएक दिवस टिकला. मग एक दिवस मी धरणगावच्या पलीकडच्या मोठ्या शेतावर गेलो. पहिला पट्टा मारला, वळलो, झेंड्यावर विमानाचं नाक धरलं, आणि माझा हात आपोआप सरकला. जितका पूर्वी सरकायचा, तितकाच. मला वाटलं योगायोग. तिसरा पट्टा. चौथा. लांब ढांगा, बरोबर बारा, झेंडा ताठ. मेलेला माणूस माझ्यापुढे शेत मोजत चालला होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातला नाही. आमच्या घरी असलं काही काढलं की वडील सरळ उठून जायचे. पण त्या सकाळी माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. पाचव्या पट्ट्याला मी त्याच्या डोक्यावरून जाताना खाली पाहिलं. त्यानेही मान वर केली. पांढरं फडकं, पांढरा फेटा, मधे काहीच नाही. टाकीत औषध असताना मी परत फिरलो आणि उतरलो. मेकॅनिकला इंजिनात आवाज येतोय असं खोटंच सांगितलं, आणि कंपनीची जीप काढून त्या शेताकडे गेलो.

फवारलेल्या शेतात त्याआधी मी कधी पायी गेलो नव्हतो. पाच पट्टे मारून तास-दीड तास झाला होता. आवाज नव्हता. पाखरू नाही, रातकिडा नाही, माशीसुद्धा नाही. पानं ओली होती आणि माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा होत होता. बांधावर तो बसला होता, पाठमोरा. झेंडा शेजारी रोवलेला. मी वीस हातांवर थांबलो. पुढे पाय उचलेना. पायलटसाहेब.

"कोण आहे?" मी विचारलं.

त्याने वळून फडकं सोडलं. बाई होती. तिशीतली असेल. डोळे लाल. मेलेल्या माणसाची बायको, तिनेच सांगितलं.

मला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा राग आला. मी तिला विचारलं, तुमची पावलं त्यांच्यासारखी कशी पडतात? तिला प्रश्नच विचित्र वाटला.

"पेरणीले त्या पुढे ऱ्हायेत, मी मांगे," ती म्हणाली. "त्यासना पाय जठे पडे, तठेच मन्हा पाय."

संध्याकाळी मुकादमाने वही पुढे केली. मी पहिल्यांदाच नावं वाचली. मेलेल्या माणसाचं नाव कोणतं ते मुकादमाला विचारलं; ते तसंच होतं आणि त्यापुढे रोजची हजेरी. आखूड पावलांचा माणूसही त्याच नावावर उभा होता. एवढे दिवस त्याखाली माझी सही होती.

त्यानंतर मला उडता येईना. म्हणजे उडायचो, पण झेंड्यावर नाक धरलं की खाली कोण आहे हे मला वरून कधीच कळणार नाही, या विचाराने हात गार पडायचे. माणूस बदलला तरी वरून तोच दिसतो. ही मेली तर सदरा तिसऱ्याच्या अंगावर जाईल आणि मी त्यालाही ओळखीचा समजेन. अडीच वर्षं झाली होती, अडीच उरली होती. मी नोकरी सोडायचं ठरवलं.

धुळ्यातल्या एका वकिलांनी करार वाचला आणि रस्ता सांगितला. राजीनाम्यात खरं कारण लिहा. माणसांवर औषध मारायला लावतात, एक मेला, त्याच्या जागी त्याची बायको उभी केली. चौकशी नको म्हणून कंपनी स्वतःच करार सोडेल. फक्त त्या बाईने दोन शब्द सांगायला हवेत. मी आनंदात परत आलो. वडिलांचा फंड वाचत होता आणि वर मी चांगला माणूसही ठरत होतो.

तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, लिखू नका."

मी कारण विचारलं.

"हजेरी त्यासना नावनी शे. मन्हा नावनी करी तर बाईना अर्धा रोज. चौकशीमा तर तोबी जाई." मग म्हणाली, "माले काही व्हस नही."

मला काही होत नाही, हे म्हणतानाच तिला खोकला आला. मी समजावलं. तुम्हीही मराल, असं तोंडावर सांगितलं. मरणाची बातमी मी नवीनच आणली आहे असा तिचा चेहरा अजिबात नव्हता. मला वाटत होतं मी तिला वाचवायला आलोय, आणि तिला दिसत होतं की मी स्वतःला सोडवायला आलोय. तिचं बरोबर होतं.

राजीनाम्यात मी लिहिलं: घरगुती कारणास्तव.

कंपनीने खर्चाचा कागद घरी पाठवला. वडिलांनी तो वाचला, मग राजीनाम्याची नक्कल वाचली. "घरात तर काही झालेलं नाही," ते म्हणाले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. झेंडा, सदरा, पावलं, हजेरी, तिचं नको म्हणणं. फंड काढायचा अर्ज त्यांनी आधीच आणून ठेवला होता. चष्मा लावून, एकेक रकाना भरत त्यांनी तो पुरा केला आणि खाली सही केली. मी म्हणालो, "नाना, मी फेडेन." त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता रागावतील, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

पेनाचं टोपण लावत त्यांनी विचारलं, "तुझ्या जागी कंपनीने दुसरा घेतला?"

"हो."

"मग ती उद्या कुठे उभी राहील?"

मला ठाऊक होतं. त्या महिन्याचं वेळापत्रक मीच आखून दिलं होतं. एरंडोलच्या अलीकडचं शेत, सकाळी साडेसहा, वारा पडलेला असेल तर.