ट्रेलरच्या जाळीवरचं ओलं तरट

पेटीतला थर्मामीटर मी बाहेर काढला. अडुसष्ट फॅरनहाइट. चाळीसच्या आसपास पाहिजे होता.

"म्हणजे आतली सगळी लस गेली," खात्याचे डॉक्टर म्हणाले.

मी मान हलवली.

दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. देवीची लस खेडोपाडी न्यायची म्हणून आरोग्य खात्यानं फौजेच्या लिलावातून एक ट्रेलर घेतला होता. ट्रेलर म्हणजे लॉरीमागे जोडायची, चाकांवरची खोली. खेड्यात वीज नाही, म्हणून आत घासलेटवर चालणारा रेफ्रिजरेटर, म्हणजे ही पेटी. तो मीच तीन महिन्यांपूर्वी बसवला होता. मी अकोल्याच्या एका एजन्सीत मेकॅनिक होतो.

ट्रेलर तेव्हापासून सोनाळ्याला उभा होता. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या पोरांना टोचलं होतं. लस लागली की आठवड्याभरात दंडावर फोड येतो. इथं एकालाही आला नाही, आणि मग गावात देवी शिरल्या. डॉक्टरांनी नव्या लशीच्या नळ्या थर्मासात बर्फ घालून आणल्या आणि मला तार केली.

"बर्फ उद्या दुपारपर्यंत टिकेल," ते म्हणाले. "तोवर पेटी थंड झाली नाही, तर ह्याही नळ्या फेकायच्या आणि पोरं तशीच ठेवायची."

बाजूला सुखदेवराव उभे होते. ते तिथले कंपाउंडर. टोचण्याचं आणि पेटी सांभाळण्याचं काम त्यांच्याकडेच. माणूस काटेकोर. पेटीवर धुळीचा कण नव्हता.

पेटी सपाट आहे का पाहायला आधी मी पाणसळ लावली. ह्या यंत्रात मोटर नसते. खाली बत्ती जळते, तिच्या आचेनं नळीतला अमोनिया उकळून वर चढतो, पाठीमागच्या पत्र्याच्या पात्यांत निवून पाण्यासारखा पातळ होतो. तो पातळ अमोनिया पेटीत उतरतो आणि आतली उष्णता पिऊन घेतो. आगीवर गारवा, असा हा उफराटा कारभार. सगळं आपल्या वजनानं वाहतं, म्हणून पेटी सपाट हवी. ट्रेलरचं एक चाक काळ्या मातीत चार बोटं रुतलं होतं. आम्ही जॅक लावून खाली दगड सारले. बुडबुडा मधोमध आला. दोन तास थांबलो. थर्मामीटर सदुसष्ट.

मग बत्ती पाहिली. ज्योत निळी पाहिजे, ती पिवळी होती. वरच्या धुराड्यात काजळी इतकी, की तारेचा ब्रश अडकला. सगळं साफ केलं, वात कातरली. ज्योत निळी झाली. सुखदेवराव पहिल्यांदा हसले. अर्ध्या तासात ती पुन्हा पिवळी पडली.

ज्योत पिवळी पडते म्हणजे तिला हवा मिळत नाही. ट्रेलरच्या भिंतीला पेटीच्या पाठीमागं दोन जाळ्या असतात. खालच्या जाळीतून हवा शिरते, वरच्या जाळीतून गरम हवा निघून जाते. मी वळसा घालून मागं गेलो. दोन्ही जाळ्यांवर दुहेरी तरट खिळ्यांनी ठोकलेलं. ओलंचिंब.

"सुखदेवराव, हे काऊन लावलं?"

"उन्हाची गरम लू येत होती ना जी जाळीतून," ते म्हणाले. "घरी रांजनाले लावतो तसं लावलं. दर घंट्याले पानी मारतो. एक दिवस बी चुकलो नाही."

"पण कोणी सांगतलं तुम्हाले?"

ते गोंधळले.

"तुमीच त सांगतलं होतं, मिस्तरी. पेटीले गरम हवा लागू देऊ नका म्हून."

बसवणीच्या दिवशी सांगितलं होतं. पेटीचं दार उघडं टाकू नका, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मी म्हणालो होतो ते हेच.

मी तरट उपटलं. जाळीतून भट्टीसारखा वाफारा आला. सुखदेवरावांनी तो हातावर घेतला आणि आतली गरम हवा आपणच कोंडली होती, हे त्यांना कळलं. ते चाकाजवळ खाली बसले.

"मी आधी माह्याच पोरीले टोचलं होतं," ते म्हणाले. "गावचे लोक भेत होते. म्हटलं, पाहा, मी माह्या लेकरापासून सुरू करून राह्यलो. मंग सारे आले."

"कशी आहे ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवापासून ताप आहे, साहेब. आज तोंडावर दाने दिसले."

डॉक्टर सुखदेवरावांसोबत त्यांच्या घरी गेले. मी बत्तीपाशी बसून राहिलो. ज्योत आता निळीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटर बेचाळीसवर आला. थर्मासात बर्फाचे दोन खडे उरले होते. नळ्या पेटीत ठेवल्या. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत स्वतः टोचलं. आधी टोचून फुकट गेलं, म्हणून निम्मी घरं दारं लावून बसली होती. सुखदेवराव प्रत्येक दारात जाऊन हात जोडत होते. काही उघडली.

त्यांची पोरगी आठव्या दिवशी गेली. दीड वर्षाची होती.

मी रिपोर्ट लिहिला. 'जाळ्या तरटाने बंद केल्यामुळे बिघाड. यंत्रात दोष नाही.' त्यात खोटं काही नव्हतं. तरट कोणाच्या बोलण्यावरून लागलं, ते मी लिहिलं नाही. नोकरीची भीती वाटली, दुसरं कारण नाही. चौकशी होऊन सुखदेवरावांना कामावरून कमी केलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, हे मला डॉक्टरांकडून कळलं. मी त्यांना पत्रही लिहिलं नाही. ह्याची लाज मला आजही वाटते.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी यंत्रं बसवली. अमुक करा, तमुक करू नका, असं नुसतं कधी सांगितलं नाही. का करायचं ते सांगायचो आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचो. गिऱ्हाइकं कंटाळायची. मिस्तरी डोकं खातो म्हणायची. म्हणू देत. बसवणीच्या दिवशी सोनाळ्याला मला परतीची लॉरी गाठायची होती, म्हणून मी एक वाक्य कमी बोललो होतो.