पांढऱ्या विमानाला काळी रेघ नको

मंडळी, आज वर्तकनगरच्या आमच्या घरात मी जिंकले, म्हणून लगेच सायबर कॅफेत येऊन तुम्हा मॉडेलवाल्यांना लिहितेय.

माझे सासरे, अप्पा, यांनी आयुष्यभर खऱ्या विमानांची दुरुस्ती केली. मी बनवलेली छोटी प्लास्टिकची विमानं त्यांना कधीच पटली नाहीत. पत्र्यांचे जोड उठून दिसावेत म्हणून त्यांच्या खाचांत मी काळी शाई भरायचे. ते म्हणायचे, "सूनबाई, ही तर खिडकीची जाळी दिसतेय."

या वेळी पांढऱ्या विमानावर आधी चकचकीत वार्निश मारलं. मग राखाडी ऑइल कलरमध्ये थोडा तपकिरी मिसळून टर्पेंटाइनने अगदी पातळ केला. ब्रशचं टोक टेकवलं की रंग आपोआप खाचेत धावायचा. उरलेला सुती फडक्याने पुसला, नाकाकडून शेपटीकडे, वारा वाहतो तसा.

आज दुपारी अप्पांनी भिंग घेऊन ते विमान बराच वेळ पाहिलं.

"हे झाकण मी शेकडो वेळा उघडलंय," इंजिनावरच्या छोट्या झाकणाकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले. "इथे असाच मळ साचायचा. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही अप्पा. अंदाजाने केलं."

त्यांनी शेजारच्या नानांना हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, "बघा, आमच्या सुनेने विमान बनवलंय."

आता गडद हिरवं विमान हातात घेतलंय. त्याच्या खाचांत तुम्ही कुठला रंग भराल?