लिफ्टवाल्याची पाच मिनिटं

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. माणूस अबोल. घरातला पंखा जरा कुरकुरला की मान वर करून ऐकत उभे राहतात; बायको कुरकुरली तर मात्र ऐकू येत नाही. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः होते तिथेच राहिले, असं मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते. लोक हसले, हेही हसले. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या धंद्यात दोन शब्द फार जपून वापरतात. लिफ्ट मधेच बंद पडली की आतली माणसं दार बडवायला लागतात, आणि मेकॅनिकने बाहेरून त्यांच्याशी बोलत राहायचं असतं. किती वेळ लागेल, असं आतून विचारलं तर दहा मिनिटांचं काम असेल तेव्हा दहा सांगायची, अर्ध्या तासाचं असेल तेव्हा अर्धा तास. पण बिघाड काय आहे तेच कळलेलं नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. 'पाच मिनिटं' म्हणायचं. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली हे शिकले त्यांचाच हा धडा. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला ते गुपित म्हणून सांगितलं, आणि मी ते ह्यांच्यावरच उलटवलं. जेवण कधी होणार, असं विचारलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, पाच मिनिटं!

अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे घरी आले, बेसिनपाशी उभं राहून बराच वेळ हात धूत राहिले आणि म्हणाले, गुडघा दुखतो, आता फिरतीचं काम जमणार नाही. साहेबांना सांगून गोदामात बदली करून घेतली. नट-बोल्ट मोजायला बसले. धावत जाऊन बस पकडताना तो गुडघा दुखलेला मी कधी पाहिला नाही, म्हणून अकरा वर्षं मी त्याचा उद्धार करत आले. मी 'पाच मिनिटं' म्हटलं की हे ताटावरून उठून जायला लागले, तेव्हा तो विनोदही बंद पडला. वय झालं, चिडके झाले, एवढंच मला वाटलं.

खरी गोष्ट अशी होती, की ह्यांना एका बाईची भीती वाटत होती. ती कधीतरी समोर उभी राहील आणि आपल्याला ओळखेल, या धास्तीने हे गोदामात जाऊन बसले होते. ती समोर आली तेव्हा आम्ही तिघंच होतो, आणि पायाखाली पन्नास पुरुष खोल दरी होती.

निवृत्तीनंतर कुठेतरी जाऊ या म्हणून मीच मागे लागले होते. आमच्या शहरातून एक बस सकाळी निघते आणि डोंगराच्या पायथ्याशी सोडते. वर जायला पायऱ्या आहेत, नाहीतर तारेवरची ट्रॉली. ट्रॉली पाहताच ह्यांचा चेहरा उतरला. पायऱ्यांनी जाऊ, म्हणाले.

"गुडघा दुखतो ना?" मी म्हटलं. "मग?"

स्वतःच्याच थापेत अडकलेला माणूस काय बोलणार? निमूट रांगेत उभे राहिले.

रांगेत आमच्यापुढे निळ्या स्वेटरमधली एक बाई होती, चाळिशीची. तिचा भाऊ घरच्यांना घेऊन आधीच वर गेला होता. ही भीतीने मागे राहिलेली. दोन ट्रॉल्या तिने तशाच जाऊ दिल्या. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, चला हो, काही होत नाही, आमचे हे लिफ्टचेच मेकॅनिक आहेत. ती ह्यांच्याकडे एकदा बघून आत आली आणि सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसली. दार बाहेरून लागलं.

अर्ध्या वाटेपर्यंत मी खिडकीतून मजा बघत होते. मग एक हिसका बसला आणि ट्रॉली थांबली. इतका वेळ जो घुमणारा आवाज आपण ऐकतोय हेही लक्षात आलं नव्हतं, तो बंद झाला आणि वारा ऐकू यायला लागला. ट्रॉली हळूहळू डुलू लागली. खाली झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. लिफ्ट कधी पडत नाही, तार तुटत नाही, एकाला चार ब्रेक असतात, हे मी त्यांच्याकडून शंभर वेळा ऐकलं होतं. ते आत्ता तसं काहीतरी म्हणतील, याची मी वाट बघत होते.

हे मात्र मान वर करून, ट्रॉली जिथे तारेला धरते तिथे बघत राहिले. वरून टक् टक् असा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला त्यांच्या गालाची शीर उडत होती. चौतीस वर्षांत ह्यांना घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आता ज्याला कळतं तोच घाबरला होता. मांडीवरची पिशवी मी अशी आवळून धरली, की जणू तिच्याच आधाराने मी लटकले होते.

वाऱ्याचा मोठा झोत आला. ट्रॉली एका बाजूला कलली आणि कोपऱ्यातली ती बाई रडू लागली. किती वेळ, किती वेळ लागेल, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. ह्यांनी वरची नजर न काढता, सवयीच्या जुन्या, शांत आवाजात सांगितलं, "पाच मिनिटं, ताई. पाच मिनिटं."

तिच्यासाठी तो धीर असेल. मला मात्र त्या शब्दांचा अर्थ माहीत होता. आपण आता इथून जिवंत उतरत नाही, असं मला तेव्हा अगदी स्पष्ट वाटलं. घरी गॅस बंद केलाय का, लेकीला शेवटचं काय बोलले, असलं काहीबाही डोक्यात आलं. लेकीला मी सकाळी फोनवर टोचूनच बोलले होते.

आणि मग लक्षात आलं, की त्या बाईचं रडणं थांबलंय. ती ह्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

ह्यांनी मान खाली घेतली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला काहीच कळेना.

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ती आणि तिचे वडील एका इमारतीत, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, लिफ्टमध्ये दीड तास होते. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं होतं. बाहेरून एक आवाज सारखा पाच मिनिटं, पाच मिनिटं म्हणत होता. त्या आवाजावर विसंबून तिने आरडाओरडा केला नाही, लोक गोळा केले नाहीत. दार उघडलं तेव्हा वडील गेले होते. आवाज कुणाचा ते तिने पाहिलंही नाही, पण ऐकला तर कुठेही ओळखेन, असं ती भावाला नेहमी सांगायची. भावानेही त्या माणसाला शोधायची शपथ घेतली होती.

मला वाटलं हे नाकारतील. माझं मन तर ओरडत होतं, नाही म्हणा, दरीवर लटकलोय आपण, या बाईने काही केलं तर?

"मीच होतो," हे म्हणाले. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीला कुलूप होतं, म्हणाले. चाक हाताने फिरवून लिफ्ट मजल्यावर आणायची, तर खोलीत जायला हवं, आणि किल्ली घेऊन वॉचमन कुठेतरी गेला होता. कुलूप फोडायला हवं होतं. नोकरीच्या भीतीने फोडलं नाही. दाराबाहेर हात बांधून उभे राहिले आणि शिकवलेलं बोलत राहिले. हे सगळं त्यांनी तिला सांगितलं. मी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होते. गुडघ्यावरून केलेली माझी एकेक थट्टा मला आठवत होती आणि तोंड लपवायला तिथे जागा नव्हती.

ट्रॉली डुलत होती, वरचा आवाज चालूच होता.

"आता खरं सांगा, काका," ती म्हणाली. "किती वेळ?"

"माहीत नाही," हे म्हणाले. "वर काय झालंय मला कळत नाही. मलाही भीती वाटतेय."

तिने नुसती मान डोलावली. त्यानंतर आम्ही तिघं किती वेळ तसेच बसलो होतो, ते मला सांगता येणार नाही. कुणी कुणाला धीर दिला नाही.

एकदाचा हिसका बसला आणि ट्रॉली वर सरकू लागली. मी देवाचं नाव घेतलं. वरचं स्टेशन दिसायला लागलं तशी ती बाई घाईने, जवळजवळ कुजबुजत बोलू लागली.

"बाबांची गोळी माझ्या पर्समध्ये होती. मी काढून हातात धरली होती. पाणी नाही, कोरडी गिळवत नाही, पाच मिनिटांत बाहेर जाऊन घेतो, असं ते म्हणाले. मी आग्रह केला नाही. जिभेखाली ठेवायची असते, पाणी लागतच नाही, हे मला नंतर कळलं. घरी मी कुणालाच सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं, लिफ्टवाल्यामुळे गेले."

हे काही बोलणार तोच दार उघडलं.

समोर तिचा भाऊ उभा होता. उंच, धिप्पाड, घामाघूम झालेला. त्याने बहिणीला अक्षरशः ओढून बाहेर काढलं, डोक्यावरून हात फिरवला. फार घाबरलीस का, विचारलं. ह्यांचे पाय ट्रॉलीच्या उंबऱ्यावरच थबकले. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. तिने एक शब्द उच्चारला असता तर पुढे काय झालं असतं, त्याचा मला अजून विचार करवत नाही.

तिने वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे तोंड उघडत होते. ते सांगून टाकणार, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. तिने 'नको' म्हणून मान हलवली, इतकी थोडी, की भावाला दिसली नसावी.

"हे काका होते सोबत," ती भावाला म्हणाली. "त्यांच्यामुळे निभावलं."

भावाने ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाला. आमचे वडील असेच अडकून गेले हो, तिथे तुमच्यासारखा एक माणूस असता तर, असं म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले. तो हात सोडेना, आणि ह्यांना तो सोडवून घेता येईना.