अक्कांनी ऐकलेला दुसरा भाग

मुलांनो, इंग्रजी कादंबरी पुरती समजलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि तिला इंग्रजीचं एक अक्षरही येत नव्हतं. त्या म्हणजे जळगावला मेहरूणमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का. माहेर दोंडाईच्याचं, बोलणं अहिराणी, आणि आवाज असा की त्यांनी ओट्यावरून आपल्या सुनेला हाक मारली तर गल्लीतल्या आणखी तीन सुना 'आले' म्हणत. कुणाची सून रुसून माहेरी गेली की समेटाचं काम अक्कांकडे यायचं. त्यांची रीत ठरलेली होती. सासरचं एखादं पोक्त माणूस मुराळी म्हणून तिला आणायला धाडायचं आणि त्यानं तिथे काय बोलायचं ते त्याच्याकडून दोनदा घोकून घ्यायचं. स्वतः मात्र त्या समेटासाठी कुणाच्या उंबऱ्यावर कधी गेल्या नाहीत. त्यानं मान जातो, असं त्यांचं म्हणणं.

नव्वद सालच्या आसपास तुमची आई पुण्याला कॉलेजात होती आणि सुटीत आली की एखादी कादंबरी मागे विसरून जाई. (आता ती हे कबूल करणार नाही.) त्यातल्या एकीचा नायक रिकी हा रॉकस्टार होता. अक्का रोज दुपारी तीनला दादर ज्वारी निवडायचं ताट घेऊन यायच्या आणि मी त्यांना ती गोष्ट मराठीतून सांगायची. रॉकस्टार म्हणजे काय, हे समजावताना मी गिटार, स्टेज, हजारोंची गर्दी असं पुष्कळ सांगितलं. अक्का म्हणाल्या, "म्हंजे बँडवाला शे. मंग लगीनसराईमां घर कसा ऱ्हाई?" रिकी घरी नसतो म्हणून नायिका नोरा रडते, हे सांगायला लेखिकेला शंभर पानं लागली, ते त्यांनी तिथेच आटोपलं. शेवटी दोघांचं लग्न लागलं, तेव्हा अक्कांनी माझ्यासाठी वाटीभर शिरा आणला.

या पुस्तकांत प्रेम फार सविस्तर असतं. मी शिस्तीची बाई; पुस्तक आधी स्वतः वाचून काढत असे आणि जिथे जिथे खोलीचं दार लोटलं जाई, तिथली पानं टाचण्या मारून बंद करत असे. रिकीच्या पहिल्या भागाला टाचण्यांची अख्खी डबी लागली.

तुमच्या आईमागे त्याच गोष्टीचा दुसरा भाग राहिला तेव्हा अक्कांच्याच घरात विपरीत घडलं होतं. पाहुण्यांसमोर त्यांनी सुनेच्या भाकरीला नाव ठेवलं आणि सून धुळ्याला माहेरी निघून गेली. अक्कांनी आधी आपल्या दिराला धाडलं, मग शेजारच्या नानांना. दोघेही चहा पिऊन रिकामे परतले. चार महिने झाले होते. मुलगा जेवायला बसला की ताटाकडेच बघत राही, असं त्या एकदाच बोलल्या, तेही दादर निवडता निवडता.

दुसऱ्या भागात नोराही घर सोडून गेली. अक्कांच्या हातचं ताट थांबलं. मी वाचलं, "रिकीनं तिचं दार वाजवलं." पुढे टाचण्या होत्या, म्हणून मी पानं उलटून म्हटलं, "सकाळी दोघं चहा पीत होते."

"असं कसं?" अक्का म्हणाल्या. "तो काय बोलना?"

"मिटलं, अक्का."

"बोलावाशिवाय मिटस का बाई? माले बठ्ठं सांगा."

बठ्ठं म्हणजे सगळं; मी टाचण्या काढल्या. खोलीचं दार दिसल्याबरोबर मी घाईनं सगळंच बंद केलं होतं, आणि समेटाचं बोलणं नेमकं त्यातच होतं. रिकी दारातच खाली बसला होता. म्हणत होता, चूक माझी आहे, तू परत ये असं मी म्हणणार नाही, फक्त मला इथं थोडं बसू दे. पुढच्या सात पानांचं भाषांतर मी अडखळत करू लागले, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. ते बठ्ठी दुनियामां सारखंच शे. माले ते पहिलं बोलनं परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाल्या, "चूक ज्यानी, त्यानीच जावाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून एकट्याच धुळ्याच्या बसला गेल्या. तिथे त्या काय बोलल्या, ते मला कधीच कळलं नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, "बसनू." म्हणजे बसले, एवढंच. तीन दिवसांनी परतल्या तेव्हा मागून सून चालत होती आणि अक्कांची पिशवी तिच्या हातात होती. दोघींची चाल एकसारखी होती.

त्यानंतर दुपारी तीनला अक्का आल्या नाहीत. त्या वेळी आता सासू-सुना मिळून दादर निवडत, आणि अक्कांचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत येई. रिकी आणि नोराची साठेक पानं उरली होती. मी आठवडाभर वाट पाहिली आणि मग ती एकटीनंच वाचली. शेवट गोड होता. पण मधेच थांबवून दोष दाखवणारं कुणी नव्हतं, म्हणून मला ती गोष्ट तितकीशी खरी वाटली नाही.