गुलाबराव आणि बोटीचा खुंटा

गुलाबराव अकरा वर्षं माझ्याशी भांडला, पण तोंड माझ्याकडे करून कधी भांडला नाही. त्याचं डोकं कायम कुठल्या तरी यंत्रात असायचं. विहिरीतली मोटर असो, मोटारसायकल असो, नाहीतर पिठाची गिरणी असो. समोर कोण आलंय हे तो चपलांवरून ओळखायचा आणि बोलायचा ते त्या यंत्राशी. "आल्या सिस्टर. आता काय चुकलं आमचं?" हे वाक्य मी दर वेळी त्याच्या पाठीकडून ऐकलं. वयानं तो माझ्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा, तरी इथं मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. तोंडावर अहो-जाहो करून करून मी थकले होते.

मी मूळची सिंदी रेल्वेची. वडनेरच्या पुढे नदीकाठच्या एका गावात, तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी बदली झाली. पहिल्याच महिन्यात डासांच्या अळ्यांची पाहणी होती. गुलाबरावच्या दुकानासमोरच्या दोन ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या. मी दोन्ही ड्रम रस्त्यावर ओतायला लावले. त्यातल्या एकात तपासणीसाठी मोटर चालू होती, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. मोटर कोरडी फिरली आणि जळली. त्यानं मान वर न करता म्हटलं, "मच्छर मेले, सिस्टर. मोटर बी मेली. आता सुई कोनाले लावता?" त्या दिवशी आमचं जे फाटलं ते फाटलंच.

माणूस कामाचा होता, यात वाद नाही. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. कुणाची मोटर दुरुस्त झाली की "घेऊन जाय, अन् आता अक्कल बी दुरुस्त कर" असं म्हणून पाठवायचा. मी गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं बीपी मोजलं, याचं कधी मोजता आलं नाही. पट्टा घेऊन गेले की म्हणायचा, "माह्यावालं मीटर जाग्यावर हाय. तुमचंच पहा, काटा कायम लाल राह्यते." दुकानातली माणसं हसायची आणि मी पट्टा गुंडाळून परत यायची.

आमच्या गावाला नदीवर पूल नाही, रपटा आहे. पाऊस जोरात झाला की रपटा पाण्याखाली जातो आणि पलीकडची वस्ती तुटते. पुरात दोनदा हाल झाल्यावर, मी येण्याच्या जरा आधी, गावाला एक छोटी फायबरची मोटरबोट मिळाली. ती शाळेच्या व्हरांड्यात ठेवायची आणि गुलाबरावनं सांभाळायची असं ठरलं. बोटीचा पुढचा भाग वरून झाकलेला होता, त्याला सगळे ओटा म्हणत. ओट्यावर दोर बांधायला दोन शिंगांचा एक स्टीलचा तुकडा होता. बैल बांधतात तसा दोर त्याला बांधायचा, म्हणून त्याचं नाव पडलं खुंटा.

दर वर्षी मृग लागला की बोटीची पूजा व्हायची. नारळ फोडायचा मान माझा, कारण पुरात त्या बोटीतून सगळ्यांत जास्त मीच जायची. आता फायबरवर नारळ फोडला तर फायबर तडकेल. मग काय, खुंट्यावरच फोडायचा. नारळ काही माझ्या हातून एका फटक्यात फुटत नसे, तीन-चार तरी लागत. पाणी खुंट्यावरून ओट्यावर वाहायचं, बाया हात लावून तीर्थ घ्यायच्या. सहा वर्षं मी हे थाटात केलं.

सातव्या वर्षी पूजेनंतर पंधरा दिवसांनी गुलाबराव उपकेंद्रात आला. हातात खुंटा होता. लसीकरणाच्या रजिस्टरवर त्यानं तो आदळला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "घ्या तुमचा परसाद. नुसतं हातानं ओढलं तं वर आला."

"मग मला काय दाखवता? बसवा परत."

"खालचं लाकूड सडलं. बोल्टच्या छेदातून पानी जाऊन राह्यलं सहा वर्सं. वरून घन मारता अन् मंग गोड पानी पाजता. लोखंड बी किती दिवस आयकन?"

मला भयंकर राग आला. देवाच्या नारळाला हा माणूस घन म्हणतो? आणि त्याहून जास्त राग आला तो यासाठी, की तो बरोबर बोलत होता, हे मला तिथल्या तिथं कळलं. त्याच संध्याकाळी पारावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर मी म्हटलं, की मिस्त्रीनं वेळेवर नट आवळले नाहीत म्हणून खुंटा सुटला. लोकांनी माना हलवल्या. सिस्टर खोटं बोलत नाही असा माझा गावात लौकिक होता. गुलाबराव तिथंच कुणाचा तरी सायकलपंप उघडून बसला होता. त्यानं ऐकलं आणि पंपात डोकं घालून तो काम करत राहिला.

आठ दिवसांनी पाऊस लागला तो थांबेचना. वीज तीन दिवस नव्हती. रपटा बुडाला. आणि पलीकडच्या वस्तीतून सुनंदाच्या नवऱ्याचा फोन आला. सुनंदाला नववा महिना होता, तारीख तीन आठवड्यांवर होती. पहिलं बाळ गेलेलं होतं, म्हणून तिच्यावर माझं जास्त लक्ष होतं. नवरा म्हणाला, पाय सुजले, डोकं फुटून राह्यलं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती, तिचं बीपी चढलं होतं. तिला त्याच दिवशी हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं नाही, तर आई आणि लेकरू दोघंही हातचे जाणार होते.

मी भिजत शाळेत गेले. गुलाबराव बोटीत उताणा पडला होता.

"बोट काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"खुंट्याबिगर नाई निघत."

"इंजिन आहे ना? खुंट्याचं काय एवढं?"

"धारेत इंजिन बंद पडलं तं दोर कायले बांधू? तुमच्या येनीले?"

मी त्याला नाही नाही ते बोलले. त्या बाईला काही झालं तर तुमचं नाव घेईन, असंही बोलले. तो उठून बसला तेव्हा मला त्याचा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं.

अडचण अशी होती. खुंट्याचे चार बोल्ट ओट्याच्या वरून खाली जातात आणि खालून त्यांना नट लागतात. खाली कुणी नट धरला नाही तर वरचा बोल्ट नुसता गरगर फिरतो. आणि ओट्याच्या खाली जायला वाट म्हणजे एक गोल भोक, दुधाच्या लोट्याच्या तोंडाएवढं. आत कडेनं फोम भरलेला, मधात हातापुरती वाट. गुलाबराव सकाळपासून त्या भोकात हात घालत होता आणि हात कोपराला अडकत होता. भोक मोठं करायचं तर ग्राइंडर पाहिजे, आणि ग्राइंडरला वीज.

"सरका," मी म्हटलं.

"हे बाईमानसाचं काम नाई."

"न पाहता नुसत्या हातानं काम करायचं बाईमाणसालाच येतं. या गावची निम्मी पोरं अशीच हातात आली माझ्या."

तो उठला आणि ओट्यावर चढून बसला. 

मी बोटीच्या तळाशी पाठीवर पडले आणि हात खांद्यापर्यंत त्या भोकात घातला. आत ओल होती, कुजलेल्या लाकडाचा चिखल बोटांना लागत होता. त्याच्या वासात मला खोबऱ्याचा वास आला. माझ्या मनाचा खेळ असेल. गुलाबरावनं जुन्या स्टार्टरच्या पेटीतून जाड पत्रा कापून त्याला चार भोकं पाडली होती. वर एक पत्रा, खाली एक पत्रा, मधात ते सडकं लाकूड. बोल्ट आवळले की दोन्ही पत्रे ते घट्ट धरतील, असा त्याचा हिशेब. मी खालचा पत्रा आडवा करून आत सरकवला आणि चाचपत जागेवर नेला. वरून बोल्ट खाली आले, ते माझ्या बोटांना लागले.

पहिला नट माझ्या हातून पडला.

"पाडा, पाडा. खान हाय माह्यापाशी नटाची," वरून आवाज आला. मग त्यानं पान्यात ग्रीस भरून नट त्यात चिकटवून दिला, आणि पाना पडू नये म्हणून त्याची सुतळी माझ्या मनगटाला बांधली. बांधतानाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"बसला?"

"बसला."

"सिधा का तिरपा?"

"सरळ आहे."

"खोटं नका बोलू. वर बोल्ट अटकून राह्यला."

तिसरा नट त्यानं मला दोनदा काढायला लावला. खांदा भरून आला होता, दंड सोलून निघत होता. मी म्हटलं, राहू द्या, तीनावर चालेल. तो म्हणाला, "चार हायेत म्हनून चार लागतात. तुमी बाळाले तीन डोस देता का चार लागत असन तं?" मी दात-ओठ खात नट काढला, पुन्हा धरला, आणि या वेळी तो सुतासारखा वर चढला. मलाही तो फरक बोटांत कळला.

दुपारी दोनला बोट पाण्यात गेली. दोराचं एक टोक खुंट्याला, दुसरं अलीकडच्या काठावर चिंचेला वेढा देऊन दहा माणसांच्या हातात. जाताना काही झालं नाही. सुनंदाला घेऊन परतताना ऐन धारेत इंजिनाच्या पंख्यात कापडाचा गठ्ठा अडकला आणि इंजिन बंद पडलं. बोट गर्रकन फिरली. दोर ताठ झाला, खुंट्यातून करकर आवाज आला. सुनंदानं माझा हात घट्ट धरला.

तेव्हा गुलाबराव वळला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे घारे होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"चारही सिधे हायेत ना, सिस्टर?"

"हो."

त्यानं परत विचारलं नाही. पारावर मी त्याच्याबद्दल काय बोलले होते ते त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी माझ्या एका ‘हो’वर तो पाठ फिरवून इंजिनात वाकला आणि पंख्यातलं कापड कापत बसला. काठावरची माणसं ओढत राहिली. खुंटा जागचा हलला नाही. आम्ही काठाला लागलो, जीप तयार होती, दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला सुनंदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्यानं माझे आभार मानले नाहीत, मीही मानले नाहीत. सालटं निघालेल्या हातासाठी धनुर्वाताची सुई घ्यायला आला, ती भिंतीकडे तोंड करून घेतली. पारावर जाऊन मी सांगायला हवं होतं, की मिस्त्रीची चूक नव्हती. रोज म्हणायची उद्या सांगीन. पुढच्या वर्षी पूजेला मी नारळ घेऊन गेले तर बोटीपासून दहा पावलांवर एक काळा धोंडा ठेवलेला. "इथं फोडा," गुलाबराव इंजिनाला सांगत होता. "बोटीजवळ आल्या तं बोट घेऊन घरी जातो." मी चार लोकांत त्याला विक्षिप्त म्हटलं, आणि नारळ धोंड्यावर फोडला. दर मृगात तो धोंडा घरून उचलून आणायचा आणि परत न्यायचा. असं चार वर्षं चाललं.

यंदाच्या उन्हाळ्यात तो दुकानातच पडला. मी धावत गेले, पट्टा बांधला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं बीपी मोजायला मिळालं, आणि काटा कुठे गेला ते सांगवत नाही. मेंदूत रक्तस्राव. हिंगणघाटला पोचेपर्यंतही राहिला नाही. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. पट्टा बांधायला काय जात होतं तुमचं, गुलाबराव?

मृग लागला. बोट काढली, हार घातला. सरपंचानं नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "या सिस्टर, खुंट्यावरच फोडा आता. अडवनारा गेला."

मी तशीच गुलाबरावच्या घरी गेले. धोंडा दाराशी होता. त्याची बायको कांताबाई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "ते म्हनत, सिस्टर माह्या मरनाचीच वाट पाहून राह्यली, खुंट्यावर फोडाले." मी धोंडा उचलला. जड होता, कमरेत कळ आली, दोनदा खाली ठेवावा लागला. पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

दहा पावलं मोजून मी तो ठेवला, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "खुंटा माझ्या नारळानं सुटला होता. मिस्त्रीचा दोष नव्हता. मी खोटं बोलले होते."

कुणी चकित झालं नाही. पारावरच्या त्या चौघांतला एक म्हातारा म्हणाला, "मालूम होतं आमाले, सिस्टर."

"मग बोलले काऊन नाही?"

"गुलाबभाऊ बी नाई बोलला. आमी कायले बोलतो?"

नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्याला फुटला, पाणी धोंड्यावरून मातीत गेलं. मी सवयीनं बोटीकडे पाहिलं. इंजिनापाशी पाठ करून कुणी बसलेलं नव्हतं.