आमच्या व्याह्यांची कंबर

इस्लापूर मागं पडलं आणि भरल्या जीपमध्ये आमचे व्याही, म्हणजे माझ्या सुमनचे सासरे, बायकोच्या खांद्यावर कोसळले. डोळे अर्धे उघडे, ओठ वाळलेले, श्वास भात्यासारखा. हाक मारली तर नुसतं हूं.

ड्रायव्हर वळून म्हणाला, "गाडीत उलटी नगं बरं, माय."

"तू पुढं बघ अन् हाण गाडी," मी म्हणाले.

शेजारच्या माणसानं गार सरबताची बाटली काढली. "ऊन लागलंय. पाजा, उठून बसतेत." विहीणबाईनं झाकण उघडलं. मी बाटली हिसकून घेतली.

"वैरीण हाय का गं तू?" ती ओरडली. "घोटभर पाजू दे!"

मी पाजू दिलं नाही. त्याला आदल्या दिवशीची एक दोरी कारण होती.

रेणापूरहून मी तीन दिवसांपूर्वी निघाले होते. लातूरला बस बदलली, नांदेडला केळी घेतली आणि तिथून किनवटची रेल्वे धरली. रेणापूरला डोंगर नाही, झाडी नाही. इकडं भोकर सोडलं की सागवान सुरू होतं. उन्हाळ्यात त्याला पान नसतं, नुसते खांब. आम्ही आंध समाजाचे, आदिवासी. माझं माहेर याच रानातलं. मुलाला नोकरी लागली म्हणून मी रेणापूरला गेले. तिथं शेजारणी विचारतात, रानात काय बघायला जाता? लेक बघायला जाते.

सुमनच्या सासरच्या वाडीत त्या दिवशी सगळे तेंदूपत्त्याला (विडीच्या पानांना) गेले होते. दुपारी परतले. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. व्याह्यांनी तांब्यामागून तांब्या पाणी पिलं आणि दोनदा उठून बाहेर जाऊन आले. "उन्हाळाच तसा हाय," म्हणाले. हातपाय काठीसारखे, पोट तेवढं पुढं. मला वाटलं, म्हातारपण.

सुमन वाडीची आशाताई आहे. संध्याकाळी तिनं ओट्यावर बायका जमवल्या. माणसाच्या उंचीएवढी दोरी कापायची, मधोमध दुमडायची आणि बेंबीवरून पोटाभोवती घ्यायची. टोकं मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर साखर आणि बीपी तपासायला पाठवायचं.

"वजनाचा काटा हाय की तुझ्याकडं," मी म्हणाले.

"काटा आपल्या लोकांना फसवतो, माय. कष्टानं हातपाय वाळलेले, वजन कमी, आन् चरबी आत पोटात. काटा म्हणतो, बरं हाय."

माझी टोकं वीतभर लांब राहिली. विहीणबाई पोट धरून हसली. "इहीनबाई, तुमच्यासाठी बैलाचं दावं आणावं लागतंय!"

"माझ्या साखरेच्या गोळ्या चालूच हायेत," मी म्हणाले. "तुझ्या मालकाचं काय?"

तेव्हा कळलं. सुमननं वाडीतली सगळी माणसं मोजली होती, सासरा तेवढा राहिला होता. सून सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, ती त्याच्या पोटाला हात कशी लावणार? आणि व्याहीही म्हणायचे, मी तर काडी, मला काय मोजता.

"मीच मोजते," म्हणून मी दोरी उचलली.

व्याही दोन पावलं मागं सरले. "इहीन हात लावणार? वाडी हसंल मला!"

"मग तुमच्या बायकोला लावू द्या. तिची तर लाज न्हाई ना?"

बायका फिदीफिदी हसल्या. विहीणबाईनं रागारागानं दोरी घेतली, नवऱ्याच्या उंचीएवढी कापली, दुमडली आणि पोटाभोवती नेली. टोकं मिळेनात. तिनं ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग ती हसली नाही.

सुमन दाराआडून बोलली. "मामंजी, पाणी किती पिता? रात्री कितींदा उठता?" व्याह्यांनी उत्तर बायकोला दिलं, सुनेला नाही. ते ऐकून सुमननं ठरवलं, सकाळीच किनवटला साखर तपासायची. "तवर गोड काहीच देऊ नका. चहापण बिनसाखरेचा."

सकाळी तिला वाडीतल्या लेकरांचं लसीकरण होतं म्हणून व्याही-विहिणीसोबत मी निघाले. रस्त्याला जीप उन्हात उभी. सगळ्या जागा भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. तेवढ्यात व्याही दोनदा ओकले. मी म्हणाले, निघ. तो म्हणाला, अजून दोन सीट. शेवटी इतर प्रवासीच त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा निघाला.

बाटली मी हिसकली ती यासाठी. गोड द्यायचं नव्हतं, आणि शुद्धीत नसलेल्या माणसाच्या घशात सरबत ओतलं तर ते छातीत जातं, एवढं मलाही कळतं. मी बाटली खिडकीबाहेर फेकली. तो माणूस बाटलीवरून भांडत राहिला, विहीणबाई रडत राहिली, जीप किनवटला पोचली.

दवाखान्यात मी पहिलं वाक्य बोलले, "यांच्या पोटाला दोरी पुरली न्हाई, साखर बघा." सिस्टरनं बोट टोचलं. यंत्रात आकडाच उमटला नाही, साखर त्याच्या मापाबाहेर होती. हातात सलाईन लावून ॲम्ब्युलन्सनं नांदेडला नेलं. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी विहिणी एकाच चादरीवर झोपलो. पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढं भाकरी सरकवली आणि म्हणाली, "खा. तोंड तर तुझं लई चालतंय."

तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

नांदेडहूनच मी रेणापूरची बस धरली. आता शेजारणींना सांगते, काड्यांसारखे हातपाय आणि पुढं आलेलं पोट असलेली माणसं आपल्याही गल्लीत आहेत, त्यांनीही दोरी घ्यावी. लाज वाटत असेल तर बायकोच्या हातानं घ्यावी. सुमन आता सासऱ्याला रोज इन्सुलिन टोचते, पदर डोक्यावरच असतो.

व्याही जगले.